फ्लेक्सवर एकटेच सर

“खाली फोटो कुणाकुणाचे टाकायचे?” बरकतनं विचारलं आणि इतका वेळ तावातावानं बोलणारे सुजित आणि समाधान दोघंही गप्प झाले.

बरकतच्या फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर थोपटे सर हसत होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. जुन्या ग्रुप फोटोतून कापून काढल्यामुळे त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. तो बरकतनं पुसून टाकला. वर मोठ्या अक्षरांत ‘आमचे सर, आमचा अभिमान’ आणि त्याखाली ‘कोच हवेत तर थोपटे सरच’. तळाची पट्टी मात्र अजून पांढरीच होती. आपल्याकडे फ्लेक्स वाढदिवसाचा असो की निवडीचा, तळाशी शुभेच्छुकांची रांग असतेच. कुणी गॉगल लावलेला, कुणी हात जोडलेला, कुणी उगाच फोन कानाला धरलेला. येणारेजाणारे वरचं नाव नंतर वाचतात, आधी खाली कोण कोण आहे ते बघतात.

सुजितनं पहिल्यांदा अंग काढून घेतलं. तो सरांच्या हाताखाली खेळलेला, आता हिंजवडीत कंपनीत होता आणि मारुंजीला राहायचा. सर ज्या कॉलेजात बास्केटबॉलचे कोच होते, त्याच कॉलेजात भाच्याला घालायचं चाललं होतं. अशा वेळी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या डोळ्यांवर येणं बरं नव्हे. बरकतचीही अडचण खरी होती. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सगळी छपाई त्याच्याच दुकानातून जायची. राहता राहिला समाधान लोमटे. कंपनीत कळलं तर एचआरवाले विचारतील, असं काहीतरी तो पुटपुटला. खरं कारण वेगळं होतं. तो त्या कॉलेजात शिकलेला नव्हता, बास्केटबॉल आयुष्यात खेळलेला नव्हता. सरांच्या खाली आपलं थोबाड काय शोभणार, असं त्याला मनापासून वाटलं.

“भावा, खाली कोणी नसलं ना, तर फ्लेक्स उघडा दिसतो,” बरकत म्हणाला. पण स्वतःचा फोटो द्यायला तोही तयार नव्हता. शेवटी पट्टीवर ‘समस्त क्रीडाप्रेमी’ असं छापायचं ठरलं आणि उरलेल्या जागेत चेंडूंची चित्रं बसवली.

समाधान चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. अंबाजोगाईहून आला तेव्हा त्याला या भागात फक्त दोन रस्ते माहीत होते, मोशीच्या खोलीवरून कंपनीत जाण्याचा आणि परत येण्याचा. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी काय करायचं हा मोठाच प्रश्न असायचा. अशाच एका गुरुवारी तो कॉलेजच्या मैदानाबाहेर जाळीला धरून उभा होता. आत कसला तरी सामना चालला होता. शिट्टीवाला माणूस जाळीपाशी आला आणि म्हणाला, “आत येऊन बसा की. मॅच उभ्यानं बघायची नसती.”

तेव्हापासून तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचा. कॉलेजचे घरचे सामने गुरुवारी ठेवायची पद्धत सरांनीच पाडलेली. पोरांचे बाप कारखान्यात. त्यांना एकदा तरी पोराचा खेळ बघायला मिळावा, एवढंच त्यामागे होतं. आणखी एक पद्धत त्यांची होती. सामना जिंकला काय, हरला काय, संपल्यावर ते पोरांना पायऱ्यांकडे तोंड करून उभं करायचे आणि सगळे मिळून बघणाऱ्यांना नमस्कार करायचे. चाकणला दिवसभर कुणी समाधानकडे बघत नसे. इथे दहा-बारा उंच पोरं आणि एक सर त्याला हात जोडत. नियम त्याला अजूनही धड कळत नव्हते, पण त्या नमस्कारासाठी तो ओव्हरटाइम सोडायचा. विजयश्री, त्याची बायको, म्हणायची की इतक्या भक्तीनं देवळात गेला असता तर एव्हाना देव पावला असता.

यंदा संघ उपांत्य सामन्यात हरला होता आणि त्यानंतर सरांचं पुढे काय, हे कुणीच सांगत नव्हतं. ते कधी कायम झालेच नव्हते. अकरा महिन्यांची नेमणूक संपायची आणि दरवर्षी निमूटपणे वाढायची. या वर्षी वाढलेली नव्हती. चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज राडा चालायचा. सर जुन्या वळणाचे, आता तरुण कोच आणा, असं काहींचं म्हणणं. सरांना काढलं तर आम्ही मैदानात पाऊल ठेवणार नाही, असं उरलेल्यांचं. सगळ्यात संताप यायचा तो सरांचाच. काही विचारलं की ते “बघू” म्हणायचे आणि जाळीतून निसटलेला चेंडू आणायला जायचे. सुजित तर चिडून म्हणाला होता की माणसानं स्वतःसाठी थोडंतरी भांडावं. सर भांडत नाहीत म्हटल्यावर आपणच काहीतरी करायचं, या भरात फ्लेक्स ठरला.

गुरुवारी सकाळी तो कॉलेजच्या फाटकासमोर लागला. दुपारपर्यंत त्याचा अर्थ गावभर झाला होता, फक्त तो वेगळाच होता. खाली एकाही माणसाचं तोंड नाही म्हणजे फ्लेक्स ज्याचा त्यानंच लावलेला, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. थोपटे सरांनी स्वतःचाच फ्लेक्स लावला, असं चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. पोरं सरावाला आली ती खाली मान घालून. सर मात्र फाटकातून आत जाताना क्षणभर थांबले, वर बघितलं आणि पुढे गेले.

कॉलेजच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसानं बरकतला नंतर आतली गोष्ट सांगितली. नेमणूक वाढवायचं जवळपास ठरलं होतं. फ्लेक्स बघून संस्थेची मंडळी बिथरली. दबाव आणतो काय हा माणूस, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

सुजितनं ग्रुप सोडला. बरकत दुकानात मान वर करून बोलेना. समाधाननं अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि संस्थेच्या सेक्रेटरींना जाऊन भेटला. त्याला वाटत होतं की खरं काय ते सांगितलं की झालं.

सेक्रेटरींनी त्याला बसवलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. फ्लेक्स मी लावला, सरांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं, असं समाधाननं सांगितलं. बाकी दोघांची नावं त्यानं घेतली नाहीत. साहेबांनी विचारलं, मुलगा आहे का आपल्याकडे? नव्हता. माजी विद्यार्थी? नाही. मग सरांचे गाववाले असाल. सर भोरकडचे होते, समाधान अंबाजोगाईचा.

“मग तुमचा संबंध काय?”

“मी मॅच बघतो, साहेब.”

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, सरांनी तुम्हाला पाठवलंय हे मी कुठे बोलणार नाही. पण त्यांना सांगा, असं माणसं पाठवणं शोभत नाही.”

चहा तसाच ठेवून समाधान बाहेर आला. निदान त्या पांढऱ्या पट्टीवर आपला फोटो असता तर आज दाखवायला काहीतरी असतं, हे त्याला फाटकापाशी आल्यावर सुचलं आणि तो तिथेच मोटारसायकलवर बराच वेळ बसून राहिला.

वॉचमननं उतरवलेला फ्लेक्स बरकतनं समाधानकडे दिला. टाकवत नव्हता. विजयश्रीनं तो गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर घातला, छापील बाजू आत करून.

गणपती उठल्यावर नव्या हंगामाचा पहिला सामना झाला. तारखा आधीच ठरलेल्या होत्या म्हणून तोही गुरुवारीच. आपण जायचं नाही असं समाधाननं ठरवलं होतं, तरी पाय तिकडे वळलेच. नवा कोच तरुण होता, सतत ओरडत होता. पोरं बरी खेळत होती, हे समाधानला आवडलं नाही.

मध्यंतराला त्याचं लक्ष जाळीकडे गेलं. विटलेली टोपी घातलेला एक माणूस बाहेर जाळीला धरून उभा होता.

समाधान उठून जाळीपाशी गेला. त्याला माफी मागायची होती, सेक्रेटरींकडे जाऊन आणखी घोळ घातला तेही सांगायचं होतं. सर त्याच्याकडे बघून ओळखीचं हसले.

“आत येऊन बसा, सर,” समाधान म्हणाला. “मॅच उभ्यानं बघायची नसती.”

सर आत आले. खालच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसले. मग समोरचा खेळ बघत सर म्हणाले, “फोटो बरा आला होता. पण खाली तुमी पायजे होता. एकटाच ग्वाड न्हाई दिसलो.”

“चुकलं, सर.”

सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

सामना संपला. नवा कोच आपली बॅग आवरत होता. पोरं मात्र कुणी न सांगता पायऱ्यांकडे वळली आणि रांगेत उभी राहिली. त्यांना सर दिसले. क्षणभर ती चुळबुळली, मग सगळ्यांनी हात जोडले. सर अर्धवट उठले. इतकी वर्षं त्यांनी हा नमस्कार समोर उभं राहून केला होता, पायरीवर बसून कधी घेतला नव्हता. त्यांचे हात मधेच थांबले.

“काय करायचं असतं हो इथं बसून?” त्यांनी विचारलं.

“काईच नाई, सर,” समाधान म्हणाला. “आपण नुसतं बघायचं असतंय.”

सर खाली बसले. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.