अर्ध्यात ठेवलेलं पुस्तक

शनिवारचा शेवटचा तास वाचनाचा. मृदुलाबाई पत्र्याची पेटी उघडून सतरंजीवर पुस्तकं मांडायच्या आणि सहावीतली पोरं हवं ते उचलायची. उत्कर्षा मात्र दिवाळीपासून एकच पुस्तक घेऊन बसलेली. धरणांच्या माहितीचं. दोन ओळी वाचायची की जांभई.

“बाई, ही बघा, धरणं धरून बसलीय!” सई म्हणाली आणि वर्ग खदखदून हसला.

बाईंनी उत्कर्षाला खिडकीपाशी बोलावलं.

“आवडतंय का गं?”

“नाही बाई.”

“मग बदल की.”

“सुरू केलेलं मधीच कसं सोडायचं? आमचे बापू तापातबी पारायण पुरं करतेत. पोथी अर्धी ठेवली की दोष लागतो.”

बापू बीडकडचे, चाकणला कंपनीत कामाला. शिफ्टवरून आले की आंघोळ करून पोथीपुढे बसणारा माणूस. त्यांच्या लेकीला ‘पोथी वेगळी न् पुस्तक वेगळं’ असं फटकन सांगायला बाईंची जीभ रेटेना. पण असंच चाललं, तर वाचन म्हणजे उपास असं पोर धरून बसेल आणि पुढं पुस्तकाला हातच लावणार नाही, हेही दिसत होतं.

खिडकीबाहेर नव्या इमारती. तिथं बाईंच्या लहानपणी कांद्याची वावरं होती. सप्ताहात दिवसभर कांदा काढून दमलेली माणसं कीर्तनाला येऊन बसायची. एकदा निरंजनबुवांनी निरूपण लांबवलं, तसे सगळे पेंगायला लागले. बुवा थांबले. रागावतील म्हणून चिमुरडी मृदुला आईला चिकटली. बुवांनी देवाकडं वळून हात जोडले. “विठ्ठला, हे उरलेलं तुझ्यापाशी ठेव,” म्हणाले, टाळकऱ्यांना खूण केली आणि नवंच आख्यान सुरू केलं. काय रंगलं होतं ते! पेंगणारी माणसं गुडघ्यांवर उठून ऐकायला लागली होती. ती माणसं, ती वावरं... बाईंनी पदरानं डोळे टिपले.

“काय झालं बाई?”

बाईंनी तिला बुवांची गोष्ट सांगितली. “देवाच्या दारात चाललं, तर वर्गात का नाही? नमस्कार करून ठेव. दोष लागला तर माझ्या नावावर.”

“तुमच्या कशाला? लागला तर दोघींना निम्मा निम्मा.”

उत्कर्षानं पुस्तक कपाळाला लावलं, पेटीत ठेवलं आणि सतरंजीशी बसली. घुबडाचं चित्र असलेलं पुस्तक उघडलं, पान वाचलं, बाईंकडं चोरून बघितलं. बाई मुद्दाम फळा पुसत राहिल्या.

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“बाई, हेबी नको.”

“मग राहू दे!” बाईंचा आवाज इतका खुलला की सईनंही मान वर केली.

उत्कर्षाचा हात पुढच्या पुस्तकाकडे गेला. या खेपेला तिनं बाईंकडं बघितलंसुद्धा नाही.