वरच्या ओढ्याचा रिकामा रकाना

मित्रांनो, दुकानात मला चहाच्या कपांसाठीच मांडून ठेवले होते. पण माझ्या नशिबी कप नव्हते, किडे होते! मी इनॅमलचा एक जुना पांढरा ट्रे आहे. कड निळी आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. कारखान्यात पत्र्याला ठोकून आकार दिला, वर पांढरा लेप चढवला आणि भट्टीत भाजले. ती भट्टी आठवली की अजून अंगावर काटा येतो.

मला विकत घेतले ओढ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी. डोंगरात खाण सुरू झाली होती. झाडे किती गेली, मोठी जनावरे किती गेली, हे सगळेच विचारत. पाण्यातल्या किड्यांचे काय झाले, हे कोणी विचारत नसे. बाई तेच शोधत होत्या. जाळीत अडकलेला पाचोळा त्या माझ्यात ओतत आणि माझ्या पांढऱ्या तळावर काय काय हलते ते मोजत. लोक त्यांना 'किडेबाई' म्हणत. त्यांना ते नाव आवडायचे.

पहिल्या दिवशी हात बसावा म्हणून त्या मला वरच्या ओढ्यावर घेऊन गेल्या. खाण तिथवर पोचली नव्हती. माझ्यात नुसती झुंबड उडाली! किड्यांची तीन शेपट्यांची पिल्ले, चतुराच्या अळ्या, आणि वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणारी एक अळी. ती घरासकट माझ्यावरून चालू लागली.

"बघ, सगळा संसार घेऊन निघाल्यात बाईसाहेब!" किडेबाई मला म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी काही लिहून घेतले नाही. डोळे भरून पाहिले आणि सगळ्यांना पाण्यात सोडून दिले.

पुढची दोन वर्षे आम्ही खाणीखालच्या ओढ्यांवर राबलो. एकाच जागी आधी चाळीस जीव, मग अकरा, मग दोन. वरच्या ओढ्याची मोजणी शेवटी ठेवली होती. तेवढ्यात सुरुंगांनी दरड कोसळली आणि वाट बंद झाली. खाणीची माती कुठे टाकायची हे ठरवणाऱ्या समितीला अहवाल लगेच हवा होता, आणि किडेबाई तापाने फणफणल्या होत्या.

त्यांच्या वहिनी एका कचेरीत टायपिंग करत. त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून तक्ता टाइप केला. मी शेजारी उपडा पडलो होतो.

"अगं, वरच्या ओढ्याचा रकाना मोकळाच आहे," वहिनी म्हणाल्या. "मोकळा रकाना गेला की कागद परत येतो. आम्ही कचेरीत तिथे निरंक लिहितो."

"लिहा ना वहिनी, तुम्हाला कळतं त्यातलं," किडेबाई पांघरुणातून पुटपुटल्या. त्यांनी नीट ऐकलेसुद्धा नव्हते. सहीही तापातच केली.

निरंक म्हणजे शून्य. मी ओरडायला हवे होते, पण ट्रेला कुठले तोंड?

समितीने वाचले, वरचा ओढा, जीव निरंक. जिथे काही जगतच नाही तिथे माती टाकायला हरकत कसली? मंजुरी मिळाली. किडेबाई धावत गेल्या, हातापाया पडल्या.

"सही तुमचीच ना बाई?" समितीच्या साहेबांनी विचारले. "जीव आहेत म्हणता, मग आकडा दाखवा."

आकडा नव्हता. त्या पहिल्या दिवसाचे एक अक्षरही कुठे नव्हते.

मातीच्या गाड्यांसाठी वाट मोकळी झाली आणि वरच्या ओढ्यात माती पडू लागली, तेव्हा आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी वहिनीही आल्या. जाळी तीनदा बुडवली. माझ्या तळावर तांबूस गाळ बसला. काहीच हलले नाही. गाळात वाळूचे एक घर होते, नखाएवढे.

"यात कोणी आहे का गं?" वहिनींनी विचारले.

"नाही, वहिनी."

किडेबाईंनी वही उघडली आणि वरच्या ओढ्यापुढे लिहिले, निरंक. आता तो शब्द खरा होता. वहिनी दगडावर बसून रडल्या. मलाही फार वाईट वाटले.

आता मी फळीवर धूळ खात पडलो आहे. वहिनी कचेरीत मोकळ्या रकान्यात 'पाहिले नाही' असे लिहितात आणि त्यासाठी बोलणी खातात. मित्रांनो, तुम्हीही तसेच लिहा. न पाहताच 'नाही' म्हणू नका.

आणि कधी मी तुमच्या हाती लागलो, तर कृपा करून मला घासायला घेऊ नका. माझ्या टवका उडालेल्या कोपऱ्यात ते वाळूचे घर अजून आहे.