अस्सलपणाचे गुण

मिस्त्रीला गाड्यांचं वेड नव्हतं, त्याचं गाड्यांचं काम होतं. या दोन्हींत किती अंतर आहे ते त्याला जावई मिळाल्यावर कळलं.

जावई तसा सोन्यासारखा. निर्व्यसनी, कमावता, मुलीला जपणारा. पण घरामागच्या शेडमध्ये त्याने एक लाल, दोन दारांची, आठ सिलिंडरची मसल कार, म्हणजे नुसत्या ताकदीची जुनी अमेरिकन गाडी, पाळली होती. पाळली होती असंच म्हणायला हवं, कारण तिला घरच्या माणसांच्या आधी आंघोळ घातली जाई आणि पाहुणे आले की चहाआधी दाखवली जाई. गाडी साठ वर्षांची. चावी फिरवली की स्वयंपाकघरातल्या बरण्या थरथरत आणि शेजाऱ्यांचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसे. तो आवाज मिस्त्रीलाही आवडायचा, खोटं कशाला बोला? थेट छातीत घुमायचा. पण असल्या गाड्यांबद्दलचं त्याचं मत मुलीच्या लग्नाच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं आणि ते तो झाकून ठेवत नसे.

"नाकापेक्षा मोती जड," तो म्हणायचा. "इंजिन हत्तीचं आणि ब्रेक सायकलचे. बनवणाऱ्यांनी हिला पळायला शिकवलं, थांबायचं शिकवायचं राहून गेलं."

"बाबा, थांबायला ही गाडी घेतं कोण?" जावई हसून म्हणायचा.

"थांबावं सगळ्यांनाच लागतं, जावईबापू. कुणी ब्रेकनं थांबतं, कुणी झाडानं."

मुलगी दोघांनाही गप्प बसवायची आणि विषय तेवढ्यावर संपायचा.

जावयासारखे आणखी तीस-चाळीस जण होते आणि त्यांचा एक क्लब होता. बोल्टच्या डोक्यावरची खूण बघून ही माणसं गाडीचं साल सांगत, पण आपलं पोर कितवीत आहे ते बायकोला विचारत. हौसेला मोल नाही म्हणतात. या लोकांच्या हौसेला मोल नसेल, पण गुण मात्र होते. वर्षातून एकदा एका टेकडीच्या पायथ्याशी सगळे जमत आणि परीक्षक प्रत्येक गाडीला अस्सलपणाचे गुण देत. कारखान्यातून बाहेर पडताना जे होतं तेच हवं. एक नट नवा दिसला की अर्धा गुण गेला. वर एक नियम असा, की जशी तपासली तशीच गाडी चालली पाहिजे. तपासणीनंतर बॉनेटला हात लावायचा नाही. तसंच टेकडीवर चढायचं आणि एकेकानं वळणांच्या रस्त्यानं खाली यायचं. नाहीतर लोक दाखवायला एक भाग लावतील आणि चालवायला दुसरा, अशी त्यांना भीती. जावई सलग तीन वर्षं दुसरा आला होता आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

महिन्यापूर्वी मिस्त्रीने ती गाडी वर उचलून खालून बघितली तेव्हा त्याच्या तोंडचं हसू गेलं. पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेकचं ऑइल नेणारे रबरी पाइप जागोजाग तडकले होते. एके ठिकाणी फुगाही आला होता. त्या जुन्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच ऑइलवर चालतात. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. त्याने हिंडून मापाचे नवे पाइप आणले, बसवले, आणि जुने वर्तमानपत्रात गुंडाळून जावयाच्या हातात ठेवले.

ही त्याच्या गॅरेजची रीत होती. ऐन उमेदीत एका गिऱ्हाइकाने त्याच्यावर भाग न बदलताच बदलल्याचं सांगितल्याचा आळ घेतला होता. तेव्हापासून काढलेला प्रत्येक भाग मालकाला परत. परका असो की जावई, नियम तोच. लोक ती पुडी दारातल्या कचऱ्यात टाकून जात. जावयाने ती तिथेच उघडली, फडक्याने पाइप पुसला आणि उजेडात धरला.

"बाबा, यावर कारखान्याची तारीख आहे! इतकी वर्षं मळाखाली कुणाला दिसलीच नाही!"

"तारीख आहे, पण रबर मेलंय. फेकून द्या."

"हो, हो," जावई म्हणाला.

मिस्त्रीला ते 'हो, हो' खटकलं होतं. पण जावयाला एकच गोष्ट दोनदा काय सांगायची, म्हणून तो पुढच्या कामाला लागला.

मेळाव्याच्या दिवशी एका गिऱ्हाइकाची व्हॅन पोचवून तो टेकडीपाशी आला तेव्हा गाड्या वर गेल्या होत्या. मुलगीही गेली होती. ती दर वर्षी नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायची, ओढणी घट्ट गुंडाळून. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. म्हातारा परीक्षक काठीला बांधलेला आरसा काखेत मारून उभा होता. मिस्त्रीला बघताच त्याने हात पुढे केला.

"अभिनंदन! तुमच्या जावयानं यंदा बाजी मारली. एकही गुण कापता आला नाही."

"एकही नाही?"

"अहो, पुढच्या ब्रेकचे पाइपसुद्धा अस्सल! साठ वर्षांपूर्वीची तारीख. आरसा लावून मी स्वतः वाचली. कुठून मिळवले हो त्यानं?"

कुठून मिळवले ते मिस्त्रीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्याला वरच थांबवा," तो म्हणाला.

"आता? तपासणी झाल्यावर गाडीला हात..."

"ते पाइप मी काढून दिले होते. मेलेत ते. उतारावर जोरात ब्रेक दाबला की फुटतील. माझी पोरगी आहे त्या गाडीत."

परीक्षकाचा चेहरा उतरला. वर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिथे तीस इंजिनं एकदम धडधडत होती, कुणाला ऐकू जाणार? मिस्त्रीने जावयाला लावला. तोही वाजून वाजून बंद पडला. मग मुलीला लावला. बोटं घामाने ओली झाली होती, दोनदा भलताच नंबर लागला.

तेवढ्यात टेकडीवरून तो आवाज आला. गर्दीने ओळखला. "लाल! लाल आली!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे मोबाइल वर करून रस्त्याच्या आणखी पुढे सरकले. मिस्त्री त्यांना ढकलून मागे सारायला लागला.

"अहो काका, बाजूला व्हा ना," एक जण चिडून म्हणाला. "तुमच्यामुळे काही दिसत नाहीये."

"मागे सरा! मागे सरा सगळे!"

फोन लागला.

"बाबा!" मुलगी हसत होती. "आलात का? आम्ही निघालो. थांबा, आवाज ऐकवते तुम्हाला." तिने फोन खिडकीबाहेर धरला असावा, कारण मिस्त्रीच्या कानात एकदम गर्जना भरली.

"अगं, ऐक आधी! त्याला म्हणावं गाडी थांबव! लगेच, तिथंच!"

गर्जना चालूच होती. पहिल्या वळणाआधी सगळ्या गाड्यांचा आवाज खाली यायचा, ब्रेक लागायचा आणि मग पुन्हा चढायचा. मिस्त्री जीव कानात आणून वाट बघत होता. आवाज खाली आला. मग जिथे आणखी खाली यायला हवा होता तिथे तो हळूहळू वर चढायला लागला. टेकडीवर टायर किंचाळले आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

फोनवर मुलगी परत आली. आता ती हसत नव्हती.

"बाबा, हा सारखा सारखा ब्रेक का दाबतोय?"

"गिअर खाली घ्यायला सांग! खालचा गिअर! आणि हँडब्रेक ओढा, हळूहळू ओढा! ऐकतेस ना?"

"काय?" ती म्हणाली. "इंजिनच्या आवाजात काही कळत नाहीये, बाबा. जरा मोठ्यानं बोला ना."