फुलीच्या शब्दांची वही

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याला कसर लागली आहे, पण आतली अक्षरे अजून वाचता येतात. मी मुरुडच्या बाजारात शिवलेली एक जुनी वही आहे.

१९२९ साली बुधाजी खलाशी परमुलखातून बायको घेऊन आगरदांड्याला परतला. तिचे नाव फेलिसा. ती फिलिपिन्स बेटांवरच्या पंपांगा प्रांतातली, तिची भाषा कपंपांगन. बुधाजीची आई सखुबाई तिला फुली म्हणू लागली. नावापलीकडे मात्र दोघींचे बोलणे सरकत नसे.

एकदा दोघी होडीने खाडीपलीकडे दिघीला निघाल्या. बरोबर सखुबाईची पाच वर्षांची नात रंगू होती. होडीत ही गर्दी! टोपल्यांच्या पलीकडून सखुबाईने विचारले, "फुली, रंगू आली का गं?"

"आली! आली!" फुली ओरडली.

होडी सुटली आणि रंगू धक्क्यावरच राहिली. फुली रडत किनाऱ्याकडे हात करू लागली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आले. होडी वळवली. रंगू होडीमागे धावत गुडघाभर पाण्यात उतरली होती.

"आली म्हणालीस ना?" सखुबाईने सुनेवर हात उगारला.

घरी हे ऐकून बुधाजीने कपाळावर हात मारला. "आये, हिच्या भाषेत आली म्हणजे न्हाय!"

सखुबाईने फुलीकडे वळून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे पोर खरं सांगत व्हती. मलाच कळत न्हवतं."

दुसऱ्याच दिवशी तिने मला विकत आणले. रंगूची आई राही, सखुबाईची थोरली सून, चार इयत्ता शिकलेली. फुली सांगे आणि राही लिही : वा म्हणजे होय, दानुम म्हणजे पाणी, आसान म्हणजे मासा, आसिन म्हणजे मीठ. सखुबाईला अक्षरओळख नव्हती. ती चूल फुंकता फुंकता पाठ करी. एकदा मीठ हवे असताना तिने मासा मागितला आणि फुली खुदकन हसली. त्या घरातले तिचे ते पहिले हसू! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण फुली भराभर मराठी शिकली आणि मी फळीवर गेले. नऊ वर्षे मला कोणी उघडले नाही.

मग एक पत्र आले. फुलीची आई तिकडे वारली होती. बुधाजी बोटीवर होता. दोन दिवस फुलीने अन्नाला हात लावला नाही. कोणी काही बोलले तरी ती भिंतीकडेच बघत बसे.

सखुबाईने मला खाली काढले, पदराने पुसले. "राही, आपण दोघी जेवूया, ह्याला काय म्हणतात ते बघ."

राहीने वाचून दाखवले. सखुबाईने ते ओठांत घोळवले, ताट घेऊन फुलीजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मंगान ता ना."

फुलीने मान वर केली. सासूच्या मांडीवर डोके ठेवून ती पोटभर रडली. मग त्याच ताटात दोघी जेवल्या.

मित्रांनो, माझ्यासारखी वही घरात असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा. आणि दूरचे माणूस घरी आले, तर त्याला आपले शब्द द्या, पण त्याचेही चार शब्द मागून घ्या. पहिला शब्द शिकली तेव्हा सखुबाई पंचावन्न वर्षांची होती. तुम्ही तर अजून किती लहान आहात!