रावजीची जागा

रावजीला माती देऊन आठवडाही झाला नव्हता, आणि सिद्धाराम सुतकात बूट बांधून मैदानावर उभा. लोक काय, बोलणारच. पाठच्या भावाच्या डोळ्यांत टिपूस नाही म्हणे. पण त्याला पाठवलं होतं ते त्याच्या आईनं, केराबाईनं. "घरात धोंड्यावानी बसू नको. मॅच हाय न्हवं? जा की."

गेला. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा, तसाच गेला. माणसं भेटायला येत, रावजी लई मोठ्या मनाचा होता म्हणत, आणि हा नुसती मान हलवी. थोरला भाऊ गेला, एवढं काही त्याच्या तोंडून अजून निघालं नव्हतं.

सोलापुरातली ही फुटबॉलची लीग गिरण्यांच्या काळातली. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, पण कामगारांनी काढलेला या दोघा भावांचा संघ वरच्या गटात कसाबसा तग धरून होता. आज बरोबरी झाली तरी राहणार, हरला तर खाली. आणि एक गोल फेडायची ताकदसुद्धा यंदा त्यांच्यात नव्हती. सगळी भिस्त गोल राखणाऱ्या गोलीवर, म्हणजे रावजीवर.

लीगची जुनी रीत अशी, की खेळाडू वारला तर पुढच्या मॅचला त्याची जागा मोकळी ठेवायची, बॉल पहिल्यांदा रेषेबाहेर जाईपर्यंत. मुद्दाम बाहेर मारायचा नाही. गेलेल्या माणसाला हाकलून दिल्यासारखं होतं. आजवर गेले ते पुढचे नाहीतर मधले. गोली कुणी गेला नव्हता. आता आली का पंचाईत? पण रीत ती रीत. समोरचा कप्तान प्रभु भला माणूस. "आमी गोलावर मारणार न्हाय," म्हणाला. बदली गोली बाहेर थांबला.

शिट्टी झाली. बॉल देवळातल्या प्रसादासारखा याच्याकडून त्याच्याकडं फिरत राहिला. बाहेर काही जाईना. होता होता सिद्धारामच्या पायाशी आला. समोरून एकजण सवयीनं अंगावर धावला, आणि सिद्धारामनं इतकी वर्षं केलं तेच केलं. मागं न बघता बॉल रावजीकडं दिला.

जोर काही नव्हता त्यात. शेजारी खेळणारा युवराज दोन ढांगांत अडवता. तो हललाच नाही. त्यालाही वाटलं, रावजी घेतोय की. बॉल घरंगळत जाळीत गेला.

प्रभुच रेफरीकडं धावला. "सर, धरू नका. असला गोल आमाला नको."

रेफरी घुटमळला. त्यानं सिद्धारामकडं बघितलं. युवराज मागून हात जोडून खुणावत होता, हो म्हण, संघ वाचतोय.

सिद्धाराम दोन खांबांच्या मधे बघत होता.

"धरा," तो म्हणाला. "गोलात कुणी न्हाय. माझा भाऊ मेलाय."

रेफरीनं गोल दिला. बदली गोली आत आला. मग कुठं सिद्धारामला रडू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.