मागच्याची रजा

काचेच्या कारखान्यात त्या दोघांना सगळे पुढचा आणि मागचा म्हणत. मोठी काच उचलायला दोघं लागतात. पुढच्याला वाट दिसते. मागच्याच्या नाकासमोर असते कागदात गुंडाळलेली काच. त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. तो चालतो तो पुढच्याच्या शब्दावर. ‘पायरी’ म्हटलं की पाय उचलायचा, ‘उंबरा’ म्हटलं की ओलांडायचा, ‘माणूस’ म्हटलं की थबकायचं आणि ‘साहेब’ म्हटलं की थबकून चेहरा गरीब करायचा.

जुने लोक सांगतात, एकदा वादळाने दोघांना काचेसकट उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडे नेऊन टाकलं. हवेत असतानाही पुढचा ओरडत होता, “मागच्या, छप्पर! मागच्या, तारा! मागच्या, आली जमीन!” काचेला चरा नाही. खोटं वाटत असेल तर ती काच अजून एका दुकानाला बसवलेली आहे. कुठल्या, ते मात्र विचारू नका.

पुढच्याची करामत अशी की त्याची हाक अर्धा श्वास आधी यायची. पायरी आल्यावर ‘पायरी’ कोणीही म्हणेल. हा ती यायच्या अर्धा श्वास आधी म्हणायचा, म्हणजे शब्दाला कानातून पायापर्यंत उतरायला सवड मिळायची. मागच्याचे पाय त्या अर्ध्या श्वासावर पोसले होते. घरी बायकोने जेवायला हाक मारली तरी तो उंबऱ्याशी घुटमळायचा. मग ती माउली आतून ओरडायची, “उंबरा आहे हो! ओलांडा आणि गिळा!”

तर हा पुढचा गेला. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो वर आलाच नाही. त्याची बहीण लांबून यायची होती, म्हणून त्याला न्यायचं दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. वहिनी, म्हणजे पुढच्याची बायको, रडली नाही. मागच्याला एवढंच म्हणाली, “भावजी, आमचा जिना तुम्हाला माहीत आहे. उतरवताना मागे तुम्हीच हवेत.”

मागचा “हो” म्हणाला. त्याला वाटलं, अवघड काम संपलं. आता रजा तेवढी मागायची.

फोरमन मापाच्या पट्टीने कानामागे खाजवत होता. “उद्या? उद्या शोरूमच्या काचा जायच्यात. उद्या कसली रजा?”

“पुढच्याला न्यायचंय.”

“अरेरे, हो. वाईट झालं.” फोरमनने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “पण तो तुझा कोण?”

मागचा बघतच राहिला. “म्हणजे? पुढचा!”

“ते मला कळतंय रे. कंपनीला कळायला हवं. वरती एचआर मॅडमकडे जा. तिकडे नवीन योजना आलीय दुःखाची.”

दुःखाची योजना खरोखरच आली होती. मॅडमच्या टेबलावर तिची पत्रकं होती आणि पत्रकांवर हसणारी माणसं. मॅडम तरुण, आवाजाने मऊ. मागच्याला बघताच त्या उठल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं, कागदी रुमालांचा डबा पुढे केला आणि कुंडीतलं एक रोपटंही त्याच्या मांडीवर ठेवलं.

“हे तुमच्यासाठी. याची काळजी घेता घेता मन हलकं होतं.”

“मॅडम, मला उद्याची रजा हवी आहे.”

“तुम्हाला काय वाटतंय आत्ता?”

“उद्याची रजा हवी आहे असं वाटतंय.”

मॅडमनी मान हलवली, अगदी मनापासून. “बघा, शोकरजा आहे. आई, वडील, नवरा, बायको, मूल. सासू-सासरेसुद्धा आहेत, गेल्या वर्षी आम्ही भांडून घातले. सहकारी नाही हो त्यात.”

“मग सहकाऱ्याला काय आहे?”

“दोन मिनिटं शांतता. आणि हेल्पलाइन आहे, कधीही फोन करा.”

त्यांनी स्वतःच फोन लावून त्याच्या कानाला दिला. पलीकडे गाणं वाजत होतं. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, “आपलं दुःख आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. कृपया प्रतीक्षा करा.” मागच्याने प्रतीक्षा केली. गाणं पुन्हा सुरू झालं. एका मांडीवर रोपटं, कानाला फोन, आणि डोक्यात एकच किडा: वहिनीला हो म्हणून बसलोय.

“आणि वरच्या मजल्यावर आपण मन मोकळं करायची खोली करतोय,” मॅडम म्हणाल्या. “उशा आल्यात. फक्त दाराची काच बसायची राहिली आहे.”

खाली आल्यावर फोरमनने त्याला खांबामागे ओढलं. “येड्या, सरळ जाऊन काय मागतोस? सासरा गेला म्हणून सांग. सासरा आहे ना यादीत?”

“सासरा गेटवर आहे.”

हे खरं होतं. मागच्याचे सासरे त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, मॅडमनाही, रोज सलाम ठोकत होते. तरी मागचा गेटवर गेला. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली.

“मारा मला, जावईबापू. माझी काही हरकत नाही. पुढच्यासाठी एवढं करीनच की. पण मग उद्या मी ड्यूटीवर यायचं की नाही?”

“मेल्यावर कसं येणार, मामा?”

“मग मला रजा कोण देणार?”

मागच्याने म्हाताऱ्याची विडी पुन्हा पेटवून दिली आणि तो आत परतला. 

दुपारी दोन मिनिटं शांतता झाली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. काच घासायचं मोठं यंत्र मात्र बंद करता येत नव्हतं. मधेच थांबवलं तर पट्टा चिकटतो. तेव्हा ते पूर्ण वेळ घर्रर्र करत राहिलं आणि शांतता संपली हे सांगायला फोरमनला बोंबलावं लागलं. बोंबलून झाल्यावर त्याच दमात तो म्हणाला, “चला, वरच्या दाराची काच चढवून घेऊ. मागच्या, ये. पुढे मी धरतो.”

मागचा आला. राग आला होता, पण हात काचेखाली गेले होते, आणि हात रिकामे असले तरच माणसाला भांडता येतं. दोघांनी काच उचलली. फोरमन धष्टपुष्ट गडी, पूर्वी स्वतः काचा वाहिलेला. तो जिन्यापाशी पोचला आणि धाडधाड दोन पायऱ्या चढला. काच मागून अडली.

“चल की!”

“बोला.”

“काय बोलू?”

“पायरी.”

“जिना आहे हा! पायऱ्याच असणार त्यात! दिसत नाही का तुला?”

“नाही,” मागचा म्हणाला.

फोरमनच्या तोंडात आलेली शिवी तिथेच विरघळली. काचेच्या पलीकडून मागच्याचं टाळकंसुद्धा दिसत नव्हतं. तो खाकरला. “पायरी,” तो म्हणाला. पाय वर आला. “पायरी.” दुसरा आला. फोरमनची हाक त्याने स्वतःचा पाय ठेवल्यावर यायची, म्हणजे नेमकी अर्धा श्वास उशिरा. प्रत्येक पायरीला मागच्याचा अंगठा कडेवर आपटत होता. जिन्याच्या मध्यावर पाय उचलायच्या ऐवजी त्याचं सगळं अंगच हललं, आणि काच थरथरू लागली.

“अरे, काय करतोस?” फोरमन ओरडला. मग त्याला कळलं. काचेमागून हुंदके येत होते.

वरच्या टोकाला मॅडम उभ्या होत्या. “ठेवा, ठेवा ती खाली!”

“पायरीवर काच ठेवत नाहीत!” दोघेही एकदम ओरडले. मागचा रडत रडत ओरडला, तरी ओरडला. धंद्याची गोष्ट होती.

“मग काय करायचं?”

“धरायची,” फोरमन म्हणाला. त्याच्या नाकावरून घाम ठिबकत होता. “त्याचं होईपर्यंत.”

मॅडम धावत खाली आल्या, चपला काढल्या आणि मधल्या जागी काचेला दोन्ही हात लावले. त्यांना बोलायचं होतं. बोलण्याचं शिक्षणच झालं होतं त्यांचं. पण एवढं ओझं हातात असताना एकही पत्रक आठवेना. काच जड, आणि रडणारा माणूस पलीकडे. त्याचा हुंदका आला की तो काचेतून तळव्यापर्यंत यायचा. सांगणारे सांगतात की तिघे असे उभे राहिले तेव्हा खाली जेवणाची सुट्टी सुरू झाली, संपली, आणि कोणाला तरी मुलगी झाल्याचे पेढेही वाटून झाले. एवढं खोटं मानलं तरी बराच वेळ गेला हे खरं.

“मॅडम,” फोरमन दातओठ खात म्हणाला, “त्याची रजा करा ना कशात तरी.”

“काही बसतच नाही हो! आठवडाभर अगोदर कळवल्याशिवाय कुठलीच रजा कॉम्प्युटर घेत नाही.” मॅडमचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. “फक्त दातदुखी घेतो. सकाळची अर्धी पाळी.”

माणूस मरणार हे आधी कळवावं, दात मात्र अचानक दुखू शकतो, असं कंपनीचं मत होतं.

काचेमागून नाक ओढल्याचा आवाज आला. “कोणता दात?” मागचा म्हणाला.

“कोणताही सांगा!”

“अक्कलदाढ लिहा. कंपनीला नाही, तर निदान मला तरी असू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा पुढच्याच्या दारात उभा होता. वरचा मजला, जिना अरुंद आणि मधेच वळलेला. चौघांचं काम नव्हतं, दोघंच मावत. पुढे पुढच्याचा धाकटा भाऊ झाला, मागे मागचा. ओझं खांद्यावर आलं आणि समोरचं सगळं दिसेनासं झालं. नाकासमोर पांढरं कापड, बस्स.

धाकटा भाऊ पहिली पायरी उतरला. तो रडत होता, त्याला हाक द्यायला कोण शिकवणार? ओझं पुढून ओढलं गेलं. मागचा हलला नाही. त्याने हलायचं ठरवलं, मनातल्या मनात स्वतःला शिव्याही घातल्या, पण पाय म्हणजे दगड.

“काय झालं? चला ना,” मागून कोणीतरी कुजबुजलं. “अडकलं का काही?” “अहो, हे दमले असतील, दुसऱ्याला द्या.”

“कोणी हात लावू नका,” मागचा म्हणाला. “उतरवतो मी.” आणि तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. कंपनीच्या फोनला त्याने वेगळी घंटी लावली होती, यंत्राची घर्रर्र. दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी आणलीत का, असंच काहीतरी असणार. दोन्ही हात वर होते. फोन मांडीवर थरथरत राहिला, लोक चुळबुळू लागले, आणि रागाने मागच्याच्या डोळ्यांपुढचं पांढरं कापडही लाल झालं. वहिनीने त्या माणसासाठी एवढं एकच मागितलं होतं आणि तेही पायांना जमत नव्हतं.

खाली, जिन्याच्या वळणाशी वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने त्याचे पाय पाहिले. तिच्या नवऱ्याने झोपेतही कित्येकदा ‘पायरी’ म्हटलं होतं, आणि शेजारी झोपलेल्या तिने गाढ झोपेत पाय उचलले होते.

“पायरी,” वहिनी म्हणाली.

अर्धा श्वास आधी.

मागच्याचा पाय उतरला.

“पायरी,” ती म्हणाली. “पायरी. आता वळण, भावजी. पायरी.”

खिशातला फोन वाजत राहिला. हात रिकामे नव्हते.