दिवाळीनंतर आलेलं फुलकोबीचं बी

साहेब, तुम्ही आम्हाला फसवलं. वर माझ्या सासूला अडाणी ठरवलं.

तुमच्या भाजीपाला योजनेतून मुकुंदवाडीतली मोकळी जागा तुम्हीच दाखवली. बचत गटाच्या आठ बायांनी एक हंगाम फुलकोबी पिकवून दाखवा, जागा कायम भाजीपाल्याला देतो, हे तुमचेच शब्द. माझ्या सासूबाई, सुगंधाबाई, जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या. त्यांनी भाच्याला, बिरूला, बोलावून पोळ्याआधी दोन रात्री तिथं खतासाठी मेंढरं बसवली. लेंड्या मातीत मिसळून महिनाभर कुजू दिल्या. गादीवाफे तयार झाले. बी मात्र तुम्ही दिवाळी उरकल्यावर आणलं.

"आता व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "पोळा झाला की रोप टाकायचं असतं, साहेब. दसऱ्याच्या पुढंमागं लावणी."

"आजी, मेंढ्यांचं तुम्ही बघा, कोबीचं आम्ही बघतो," तुम्ही हसलात. "हे बी थंडीचंच आहे."

ऐकलं आम्ही. बी राखेत कालवलं, बोटभर अंतरानं रेघा ओढून अर्धं पेर खोल टाकलं, वर चाळलेली माती, दोन वेळ झारीनं पाणी. पाच पानं आल्यावर दीड-दीड फुटावर लावणी केली, तीही उन्हं कलल्यावर.

जानेवारीत झाडं वीतभरच. मधी लिंबाएवढा गड्डा, तोही फुटून पिवळा.

"मुंगीच्या लग्नाला लई पुरंल," गटातली द्वारकाबाई म्हणाली. कुणी हसलं नाय.

तुम्ही आलात, उभ्या उभ्या अहवालात लिहिलंत: मेंढीच्या खतानं पीक जळालं, जागा परत घ्यावी. सासूबाईंनी त्याच दिवशी बिरूला फोन लावला. "कुणाच्या रानात मेंढरं बसवू नको बाबा. आपल्या खतानं वाटोळं होतंय." फोन ठेवल्यावर जेवल्याही नाहीत.

मला राहवलं नाय. रिकामी पाकिटं काढली. तुमच्या योजनेचं स्टिकर ओल्या फडक्यानं सोललं. खाली छापलेलं: हळवं (लवकर येणारं) वाण, पेरणी जून-जुलै, उशिरा पेरल्यास गड्डा बारीक राहतो. आठही पाकिटांवर हेच.

जागेवर कालपासून कुंपणाचे खांब येऊन पडलेत. म्हणून हे लिहिते आहे. स्टिकर चिकटवताना खालचं वाचलं होतं का नव्हतं? आणि खत चांगलं होतं, हे माझ्या सासूबाईंच्या तोंडावर येऊन कधी सांगताय? तारीख कळवा.